पुरुषांचे जेल, बायकांचे प्रिस्क्रिप्शन

ब्रिटनमधल्या जीपींना, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरांना, गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारी बाई पन्नाशीच्या आसपासची असते. पाळी गेलेली असते, इस्ट्रोजेनचा पॅच आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू असतात. अंगाची आग आणि रात्रीचा घाम थांबलेला असतो. पण शरीरसंबंधाची इच्छा परतलेली नसते, डोके जड वाटते, नावे आठवत नाहीत, थकवा जात नाही. मग ती विचारते, "मला टेस्टोस्टेरॉन मिळेल का?" एखादा डॉक्टर लिहून देतो. दुसरा मेनोपॉज क्लिनिककडे चिठ्ठी देतो आणि तिथे थांबावे लागते. तिसरा सांगतो, ते बायकांचे औषध नाही.

तीन डॉक्टरांची तीन उत्तरे का येतात, हे समजून घेण्यासाठी हा आढावा. वाद वरवर 'औषध चालते की नाही' असा दिसतो. मला तो 'कशासाठी चालते' असा वाटतो. जिथे पुरावा भक्कम आहे तो मुद्दा अरुंद आहे, आणि बायका ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांचा पसारा मोठा आहे. बहुतेक भांडणे या दोहोंमधल्या जागेत होतात.

शरीरात काय घडते

टेस्टोस्टेरॉन पुरुषांचे आणि इस्ट्रोजेन बायकांचे, ही वाटणी शाळेत शिकवली तरी शरीर ती पाळत नाही. स्त्रीच्या अंडाशयांत आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचा कच्चा माल तयार होतो, आणि इस्ट्रोजेन घडते ते त्याच्यापासूनच. पुरुषांच्या तुलनेत बायकांच्या रक्तात ते फार कमी असते, हे खरे. पण वजनाने मोजले तर बाईच्या रक्तात बहुतेक दिवस इस्ट्राडिओलपेक्षा टेस्टोस्टेरॉनच जास्त निघते.

वादाच्या दृष्टीने कळीची गोष्ट पुढे आहे. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन कोसळते, टेस्टोस्टेरॉन तसे कोसळत नाही. त्याची उतरण विशीनंतरच सुरू होते आणि संथपणे चालते; चाळिशीच्या मध्यापर्यंत ते ऐन विशीतल्या पातळीच्या साधारण निम्म्यावर आलेले असते. पाळी थांबण्याच्या वर्षात वेगळा कडा दिसत नाही, कारण अंडाशये त्यानंतरही थोडेफार बनवत राहतात. शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढली तर मात्र पातळी झटक्यात जवळपास अर्ध्यावर येते. म्हणून 'मेनोपॉजमध्ये टेस्टोस्टेरॉन संपते, ते भरून काढा' हे जाहिरातीतले वाक्य नैसर्गिक रजोनिवृत्तीला लागू पडत नाही, अंडाशये काढलेल्या स्त्रीला बऱ्याच अंशी लागू पडते.

मग रक्त तपासून कमतरता ठरवावी, हे ओघाने आले. तेही जमत नाही. ऑस्ट्रेलियात सुझन डेव्हिस यांच्या गटाने हजारावर स्त्रियांची तपासणी करून २००५ साली 'जामा' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला: कामेच्छा कमी असलेल्या बाईला ओळखता येईल असा टेस्टोस्टेरॉनचा कोणताही एक आकडा सापडत नाही. पातळी कमी असूनही काही बायका समाधानी होत्या, चांगली असूनही काही नव्हत्या. शिवाय नेहमीच्या प्रयोगशाळांमधली तपासणी पुरुषांच्या पातळ्यांसाठी बेतलेली आहे. बायकांच्या इतक्या कमी प्रमाणात ती डळमळते. त्यामुळे आजही निदान होते ते बोलून, विचारून. रक्ततपासणीचा उपयोग मुख्यतः डोस जास्त होत नाही ना, हे पाहण्यापुरता.

दोनदा आलेली संधी

टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये वेगळे काढले गेले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेही गेले. बायकांवर त्याचा वापर सुरू व्हायला फार वेळ लागला नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातले डॉक्टर रॉबर्ट ग्रीनब्लॅट १९४० च्या दशकातच ते स्त्रियांना देत होते आणि इच्छेवर होणारा परिणाम नोंदवत होते. या काळातला पुरावा म्हणजे डॉक्टरांचे अनुभव. नियंत्रित प्रयोग नंतर आले. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या बार्बरा शेरविन यांनी अंडाशये काढलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० मध्ये अशाच स्त्रियांवर टेस्टोस्टेरॉनचा पॅच वापरून केलेला प्रयोग 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. दोन्हींत इच्छा वाढलेली दिसली.

प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने त्यावरून 'इन्ट्रिन्सा' नावाचा पॅच आणला. दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून दोनदा बदलायचा. डिसेंबर २००४ मध्ये तो अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीपुढे गेला. परिणाम होतो हे बहुतेक सदस्यांनी मान्य केले. दीर्घकालीन सुरक्षिततेची माहिती अपुरी आहे यावर मात्र त्यांचे एकमत झाले. कंपनीने अर्ज मागे घेतला.

त्या बैठकीवर दोन वर्षांपूर्वीची सावली होती. जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग थांबवावा लागला होता, कारण स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार यांचा धोका वाढलेला दिसला. लाखो बायकांनी रातोरात हार्मोन सोडले. अशा वातावरणात, काही महिन्यांच्या प्रयोगावर, वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या हार्मोनला परवानगी द्यायला समिती धजावली नाही. टीकाकार तेव्हाही विचारत होते आणि आजही विचारतात: १९९८ मध्ये पुरुषांच्या व्हायग्राला इतकी वाट पाहावी लागली होती का? समितीची बाजू अशी की व्हायग्राची गोळी गरजेपुरती घ्यायची असते. इथे निरोगी बाईच्या अंगावर रोज हार्मोन लावायचे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्यामुळेच हा प्रसंग या वादात इतक्यांदा उकरला जातो.

युरोपने २००६ मध्ये इन्ट्रिन्साला परवानगी दिली, पण फक्त अंडाशये व गर्भाशय काढलेल्या आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांसाठी. अट इतकी अरुंद होती की धंदा जमला नाही, आणि २०१२ मध्ये पॅच व्यावसायिक कारणाने बाजारातून गेला. दरम्यान अमेरिकेत 'लिबीजेल' नावाच्या दुसऱ्या उत्पादनाचा प्रयोग २०११ च्या अखेरीस फसला. औषधाने काहीच झाले नाही असे नव्हे. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेले जेल, लावणाऱ्या बायकांनाही इतका फरक वाटला की दोन गटांत ठोस अंतर उरले नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवली. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ मला या माघारीत दिसते. बायकांसाठीचे उत्पादन नाही म्हणून मोठे प्रयोग नाहीत, आणि प्रयोग नाहीत म्हणून उत्पादन नाही.

पुरावा कुठवर पोचतो

आज कोणीही या विषयावर बोलताना २०१९ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी'मध्ये ३६ नियंत्रित प्रयोगांची, ८,४८० स्त्रियांची एकत्रित छाननी आली. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनने इच्छा, उत्तेजना आणि कामतृप्ती वाढली. इच्छा नसल्याची मनातली बोच कमी झाली. समाधानकारक शरीरसंबंध महिन्याला सरासरी एकाने वाढले. पुरळ आणि अंगावरचे केस काहींना वाढले. पोटातून घेतलेल्या औषधाने कोलेस्टेरॉल बिघडले, त्वचेवरच्या औषधाने नाही. मूड, स्मरणशक्ती, हाडांची घनता, स्नायूंचे बळ यांवर फायदा दिसला नाही.

त्याच वर्षी जगभरातल्या अनेक वैद्यकीय संघटनांनी एक संयुक्त निवेदन काढले. टेस्टोस्टेरॉन देण्याचे पुराव्याने सिद्ध झालेले एकच कारण त्यात मान्य केले: पाळी गेलेल्या स्त्रीची कामेच्छा कमी होणे आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होणे. दोन्ही अटी हव्यात. इच्छा नाही पण तिला त्याचे काही वाटत नाही, तर ते दुखणे नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१५ मध्ये याहून थोडे सावध, पण त्याच दिशेचे मार्गदर्शन दिले होते: आधी नेहमीची हार्मोन उपचारपद्धती द्या, तिने इच्छेवर फरक पडला नाही तर टेस्टोस्टेरॉनचा विचार करा.

'महिन्याला एक' या आकड्याची चेष्टा होते, आणि ती सोपीही आहे. पण अनेक प्रयोगांत सुरुवातीची संख्याच महिन्याला दोन-तीन असते. शिवाय प्रसंग मोजणे ही मोजपट्टीच तोकडी, असे संशोधकही आता म्हणतात. इच्छा परतली का आणि खंत गेली का, हे विचारणे अधिक योग्य. माझे मत विचाराल तर फायदा खरा आहे आणि मध्यम आहे. त्याला जादू म्हणणारे आणि शून्य म्हणणारे, दोघेही आकडे अर्धे वाचतात.

तीन बाजू

पहिली बाजू २०१९ च्या संयुक्त निवेदनाबरोबर उभी राहते. ब्रिटिश मेनोपॉज सोसायटी, इंटरनॅशनल मेनोपॉज सोसायटी आणि अनेक तज्ज्ञ यात येतात. त्यांचे म्हणणे: योग्य बाईला, योग्य डोसमध्ये, देखरेखीखाली द्या, सिद्ध नसलेल्या गोष्टींचे आश्वासन देऊ नका.

दुसरी बाजू ही मर्यादा अन्यायाची मानते. त्यात काही मेनोपॉज डॉक्टर आहेत आणि पुष्कळ रुग्ण. २०२१ आणि २०२२ मध्ये दूरचित्रवाणी निवेदिका डेव्हिना मॅकॉल यांचे मेनोपॉजवरचे दोन माहितीपट चॅनल फोरवर आले, त्यानंतर ब्रिटनमध्ये ही मागणी झपाट्याने वाढली. या बाजूचा युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे. एक, टेस्टोस्टेरॉनचे ग्राही (रिसेप्टर) मेंदूत, स्नायूंत, हाडांत सर्वत्र आहेत. मग परिणाम फक्त इच्छेवर का व्हावा? दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. जुन्या प्रयोगांत बायका निवडल्या गेल्या त्या कमी इच्छेच्या निकषावर. मूड आणि स्मरणशक्ती त्यांत जाता जाता मोजली गेली, तीही ज्यांची तशी तक्रार नव्हती अशा बायकांत. ज्यांचा मूड बरा आहे त्यांचा मूड सुधारला नाही, यावरून काय सिद्ध होते? ब्रिटनमधल्या एका खासगी क्लिनिकने पाचशेवर स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. चार महिन्यांत अनेकींचा मूड आणि एकाग्रता सुधारल्याचे त्यात आहे. पण तुलनेला प्लासिबोचा गट नव्हता, आणि प्लासिबो या विषयात किती प्रभावी ठरतो ते लिबीजेलने दाखवलेच आहे.

तिसरी बाजू कमी ऐकू येते, पण जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिओनोर टीफर यांनी २००० मध्ये स्त्रियांच्या लैंगिकतेच्या वैद्यकीकरणाविरुद्ध मोहीम उभारली. पत्रकार रे मॉयनिहॅन यांनी २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले की स्त्रियांचा 'लैंगिक बिघाड' हा आजार घडवण्यात औषध कंपन्यांचाच हात आहे. यांचा प्रश्न असा: पन्नाशीतली बाई नोकरी करते, वयात आलेली मुले आणि म्हातारे सासू-सासरे सांभाळते, चार तास झोपते, नवऱ्याशी नीट बोलणे होत नाही, तिची इच्छा गेली तर बिघाड तिच्या रक्तात शोधायचा का? पहिल्या बाजूचे चांगले डॉक्टरही हे नाकारत नाहीत. फरक इतकाच की ते पुढे म्हणतात, हे सगळे बघूनही काही बायका उरतात, त्यांना औषध का नाकारायचे.

दवाखान्यात

मार्गदर्शनाप्रमाणे चालणारा डॉक्टर टेस्टोस्टेरॉनपर्यंत पोचण्याआधी बरेच काही विचारतो. शरीरसंबंध दुखतात का? योनीच्या कोरडेपणावर साधे इस्ट्रोजेनचे क्रीम पुरे पडते. नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का? त्यांतल्या कित्येक इच्छा मारतात. इस्ट्रोजेन गोळीतून घेते का? पोटातून गेलेले इस्ट्रोजेन यकृतात एक प्रथिन वाढवते. ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन घटते. गोळी बंद करून पॅच किंवा जेल लावले की कधी कधी तेवढ्यानेही फरक पडतो.

त्यानंतर टेस्टोस्टेरॉन. इन्ट्रिन्सा गेल्यानंतर ब्रिटनमधले डॉक्टर कित्येक वर्षे पुरुषांचेच जेल लिहून देत आले. टेस्टोजेलची ४०.५ मिलिग्रॅमची पुडी पुरुष एका दिवसात लावतो; बाईने ती आठ दिवस पुरवायची, म्हणजे रोज सुमारे ५ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढा ठिपका मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पोटावर, रोज जागा थोडी बदलून, मग हात धुवायचे आणि जेल वाळेपर्यंत लहान मुलांना जवळ घ्यायचे नाही. पुडी फोडून, क्लिप लावून आठवडाभर जपायची. एका प्रगत देशात हार्मोनचा डोस असा अंदाजाने मोजला जावा, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे. ऑस्ट्रेलियात ही कसरत नाही. पर्थच्या लॉली कंपनीचे 'अँड्रोफेम' हे बायकांसाठीच बनवलेले १ टक्क्याचे क्रीम तिथे २०२० मध्ये अधिकृत झाले; मापाच्या नळीने अर्धा मिलिलिटर घ्यायचे.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्त तपासायचे, तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा, मग ठरावीक काळाने. पातळी तरुण स्त्रीच्या मर्यादेत ठेवायची. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर थांबवायचे. ही शेवटची अट कागदावर सगळ्यांना मान्य असते, प्रत्यक्षात पाळणे दोन्ही बाजूंना अवघड जाते.

जीपींचा संकोच यातूनच समजतो. ज्या वापरासाठी परवाना नाही त्यासाठी औषध लिहिताना जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. काही भागांत तर आधी तज्ज्ञाने सुरू करावे, मग जीपीने चालू ठेवावे, असा नियम आहे. परिणामी पैसे असलेल्या बायका खासगीत जातात. अमेरिकेत हे औषध १९९१ पासून नियंत्रित पदार्थांच्या तिसऱ्या यादीत आहे, बायकांसाठी मान्य उत्पादन नाही, आणि ती पोकळी त्वचेखाली बसवायच्या पेलेट्सनी भरली आहे. त्यांनी पातळी कित्येकदा बायकांच्या मर्यादेच्या फार वर जाते आणि बसवलेले पेलेट सहजी काढता येत नाही. संयुक्त निवेदनाने त्यांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आहे. आवाज जाड होणे हा दुर्मिळ दुष्परिणाम अशा जास्त डोसांत दिसतो, आणि तो परत फिरतोच असे नाही.

जे सुटलेले नाही

स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न सर्वांत वर. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऍफ्रोडाइटी' प्रयोगात इस्ट्रोजेन न घेणाऱ्या ८१४ स्त्रिया होत्या. ३०० मायक्रोग्रॅमच्या पॅचने समाधानकारक प्रसंग चार आठवड्यांत २.१ ने वाढले, प्लासिबोने ०.७ ने. म्हणजे इस्ट्रोजेनशिवायही औषध चालते. पण टेस्टोस्टेरॉनच्या गटांत चार जणींना स्तनाचा कर्करोग निघाला, प्लासिबोत एकीलाही नाही. त्यांतल्या एकीची लक्षणे प्रयोगाआधीचीच होती. इतक्या लहान आकड्यावरून धोका सिद्ध होत नाही आणि नाकारताही येत नाही. नियंत्रित प्रयोगांतली माहिती साधारण दोन वर्षांपर्यंतची आहे, आणि बायका औषध घेतात ते त्याहून कितीतरी जास्त काळ.

हृदयाबाबत चित्र उलटेसुलटे आहे. सत्तरीपुढच्या ऑस्ट्रेलियन स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत ज्यांची नैसर्गिक पातळी सर्वांत कमी, त्यांना हृदयविकाराचे झटके अधिक आले. याचा अर्थ बाहेरून दिल्याने हृदय वाचेल असा होत नाही. पुष्कळदा प्रकृती खालावली की हार्मोनही खालावते. मूड, स्मरणशक्ती आणि एकूण जगण्याच्या दर्जाबाबत दुसऱ्या बाजूने मांडलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला ब्रिटनमध्ये सरकारी निधीतून, कार्डिफ विद्यापीठाच्या देखरेखीखाली प्लासिबोसह प्रयोग हाती घेतला आहे. त्याने जे निघेल ते निघो. निदान प्रश्न विचारण्याची पद्धत बरोबर आहे. पाळी अजून पूर्ण थांबलेली नाही अशा, चाळिशीतल्या बायकांसाठीचा पुरावा मात्र तुटपुंजाच आहे, आणि मागणी त्यांच्याकडूनही येते.

आपल्याकडे

भारतात पाळी पाश्चात्त्य देशांच्या मानाने लवकर, साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. बायकांसाठीचे टेस्टोस्टेरॉन क्रीम इथे प्रचलित नाही. कोणी देतो तेव्हा पुरुषांच्या जेलचाच अंश. इथे जास्त परिचयाची आहे ती टिबोलोनची गोळी. शरीरात तिचे जे रूपांतर होते त्याचा काही भाग टेस्टोस्टेरॉनसारखा वागतो, म्हणून इच्छा कमी असलेल्यांना डॉक्टर ती सुचवतात. तिचाही हिशेब स्वच्छ नाही: साठीपुढच्या स्त्रियांत पक्षाघाताचा धोका वाढल्याने एक मोठा प्रयोग थांबवला गेला, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांत तो उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रापुरता प्रश्न मला वेगळ्या ठिकाणी टोचतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली; ८२ हजारांवर स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती, कित्येकींची ऐन तिशीत. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली असतील, तर टेस्टोस्टेरॉनचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या गटात आहे तो हाच. पण त्याच्याही आधी, अंडाशये गेलेल्या तरुण बाईला निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, एवढे तर सगळी मार्गदर्शने एकमुखाने सांगतात. हाडे, हृदय, झोप, सगळे त्यावर अवलंबून. आपल्याकडे हार्मोन उपचार शहरातल्या सुशिक्षित बायकांतही मोजक्याच घेतात. फडावर जाणाऱ्या बाईच्या बाबतीत पिशवी काढणाऱ्याने काय काढले, हे तिला कागदावर लिहून दिले का, इथून सुरुवात करावी लागेल.